माप चुकलेला मुखवटा

बँकेत वीस वर्षं काउंटरवर बसल्यामुळे मला एक वाईट सवय लागली आहे. कुणी काहीही समोर ठेवलं की मी ते आधी उलटं करून पाहतो. चेक असेल तर मागची सही, नोट असेल तर पाठीमागचा डाग आणि लग्नपत्रिका असेल तर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ. त्यामुळे गेल्या महिन्यात भाचा म्हणाला, "मामाजी, एक चीज दाखवायची हाये, पन खरं खरं सांगजा," तेव्हा टीकाकार म्हणून माझी निवड अगदीच चुकीची नव्हती.

चीज आंधळगावच्या घरी अंगणात उभी होती. आवाजावरून ओळखली नसती, तर मी तिला पाहुण्यांची गाडी समजून दार उघडं ठेवलं असतं. ती आमच्या वडिलांची राजदूत होती. 175 सी.सी., टू-स्ट्रोक. मूळ घराणं पोलंडचं, वाढली हिंदुस्थानात आणि उभा जन्म गेला आंधळगाव ते मोहाडी. आता तिच्या तोंडापासून इंजिनाच्या पोटापर्यंत एक चंदेरी, गुळगुळीत, माशासारखं निमुळतं कवच होतं. वर बुटकी काच. बाजूला पांढरं वर्तुळ आणि त्यात काळा 7.

"ही फेअरिंग हाये मामाजी. पहिलेच्या रेसच्या गाड्यांची राह्यची ना, तशी. मीच बनवली जी, फायबरची."

माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला, "घुंगट!" भाच्याचा चेहरा पडला. वीस दिवस रात्री जागून केलेल्या कलाकृतीवर एका शब्दाचं परीक्षण लिहिणं हा अन्याय होता. म्हणून मी चहा मागवला, खुर्ची ओढली आणि रीतसर समीक्षेला बसलो.

समीक्षकानं आधी परंपरा सांगावी, असा दंडक आहे. तर इटलीत मोटो गुत्सी नावाचा कारखाना आहे. त्यांनी 1950 साली मोटारसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला. आत गाडी ठेवायची, वर माणूस बसवायचा आणि समोरून वारा सोडायचा. यातून जी कवचं निघाली ती पुढचं चाकसुद्धा पोटात घेत. इंग्रजांनी त्यांना लाडानं 'डस्टबिन' म्हटलं, म्हणजे कचऱ्याची पेटी. अशा पेटीत बसून त्यांची आठ सिलिंडरची गाडी ताशी 275 किलोमीटरच्या आसपास पळे. पण आडवा वारा आला की ती पेटी शिडासारखी फुगे आणि स्वाराला घेऊन भलतीकडे जाई. शेवटी 1957 चा हंगाम संपल्यावर जागतिक महासंघानं शर्यतीत त्यांच्यावर बंदी घातली. मग चाक उघडं ठेवणारा आकार आला. त्याला 'डॉल्फिन' म्हणतात. भाच्यानं केला होता तो डॉल्फिन. म्हणजे पोरानं अभ्यास केला होता. मी मनात पाच गुण दिले.

आता उपयुक्तता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे पदार्थविज्ञान मला व्याजाच्या भाषेतच समजतं. वारा हा सावकार आहे. वेग दुप्पट केला की त्याचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध मोडायला लागणारी शक्ती आठपट. ताशी 160 ला हे व्याज माणसाला बुडवतं. तिथं फेअरिंग म्हणजे साक्षात कर्जमाफी. पण ताशी चाळीसला सावकार दारातसुद्धा येत नाही. आमची राजदूत वयोमानानुसार चाळीसला समाधानी असते. तीही रस्त्यावर धानाचं पोतं, म्हैस किंवा वाळत घातलेलं तणस आडवं आलं नाही तर. तात्पर्य, न घेतलेल्या कर्जाची ही माफी होती.

बरं, माफी फुकट नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा हाच डॉक्टर, आणि कवचानं त्या डॉक्टरलाच दाराबाहेर उभं केलं होतं. मोहाडीहून परत येईपर्यंत इंजिन इतकं तापलं की त्यावर पापड भाजून निघाला असता. कवच चौकटीला पक्कं बांधलेलं, त्यामुळे हँडल थोडं वळलं की टक्कन आपटे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भाच्याला उतरून गाडी तीनदा मागेपुढे करावी लागली. किक मारताना गुडघा फायबरवर बसे. बरं, कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 : कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी हे कलम वाचून दाखवलं तेव्हा भाचा म्हणाला, "मामाजी, तुम्ही गाडी पाहून राह्यले का लोनचा कागद?"

प्रश्न बरोबर होता. चुका मोजणं म्हणजे टीका नव्हे, ते आमचं ऑडिट झालं. मग मला नेमकं खुपत काय होतं?

खुपत होतं ते असं. आंधळगाव हे विणकरांचं गाव. आमच्याकडे कोशाची करवत काठी साडी होते. तिच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून ते नाव. पण तिची खरी गंमत नक्षीत नाही. काठ आणि अंग एकाच मागावर, एकाच वेळी विणले जातात. काठ वेगळ्या रंगाचा असेल, वेगळ्या सुताचा असेल, तरी तो अंगाबरोबरच वाढतो. मागाहून शिवलेला काठ आमच्या गावात कुणी साडीचा काठ मानत नाही. इटलीतलं ते कवचही वेगाच्या मागावर विणलेलं होतं. आधी वेग, मग वारा, मग कवच. 1976 साली बीएमडब्ल्यूनं रस्त्यावरच्या गाडीला पूर्ण फेअरिंग दिली, तीही वाऱ्याच्या बोगद्यात तासून. लांब पल्ल्याच्या स्वाराच्या छातीवर तासन्तास वारा येतो म्हणून. आमच्या गाडीला मात्र मागाहून काठ शिवला होता.

आणि हेही खरं, की वडिलांनी स्वतः या गाडीत कमी फेरफार केले नव्हते. मागे लोखंडी कॅरियर होता, साड्यांचे गठ्ठे बांधायला. हँडलला दोन आकडे होते, डब्यासाठी आणि पिशवीसाठी. पुढचा गार्ड हातभर रुंद, कारण त्याला सुताची पोती अडकवायची असत. दिसायला गाडी बैलबंडीच्या वंशातली वाटे. पण प्रत्येक लोखंडाला एक ओझं माहीत होतं. भाच्यानं फेअरिंग बसवण्यासाठी तो गार्ड आणि ते आकडे काढून कोपऱ्यात ठेवले होते. माझी नजर सारखी तिकडे जात होती. मी रागावलो होतो तो कवचावर नाही, त्या कोपऱ्यावर.

हे सगळं कसं सांगावं याची जुळवाजुळव करत असतानाच आई काठी टेकत बाहेर आली. गाडीचा आवाज ऐकला की ती अजूनही ओसरीवर येते. का, ते आम्ही तिला विचारत नाही. तिला आता धड दिसत नाही. तिनं हात पुढे केला, हेडलाइटच्या जागी हात गुळगुळीत फायबरवर घसरला आणि ती क्षणभर थांबली.

"कोनाची गाडी रे हे?"

अंगणात कुणीच बोललं नाही. मग भाच्यानंच हळूच सांगितलं, "आपलीच हाये आजी. म्या तोंड बनवलं तिले."

आई काही म्हणाली नाही. तिनं हात कवचाच्या आत घातला आणि मागची बाजू चाचपली. वरून खाली, कडेकडेनं. चाळीस वर्षं तिनं कापड असंच पाहिलं आहे. उजवी बाजू सगळेच चांगली करतात, विणकर कळतो तो उलट्या बाजूला, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, आता बोटात फायबरची कुसळं जाणार. पण पोरानं आतली बाजूही घासून, रंग देऊन, कडा गोल करून ठेवली होती. जिथं कुणी पाहणार नाही तिथं.

"हात चांगला हाये पोराचा," आई म्हणाली. "कापड चांगलं हाये. माप चुकलं."

माझं दीड तासांचं परीक्षण तिनं दहा शब्दांच्या आत संपवलं, आणि भाचा माझ्यावर रुसला होता तो तिच्यावर खूश झाला.

पुढच्या रविवारी त्यानं कवच कापलं. हेडलाइटच्या वर वीतभर तुकडा ठेवला, पावसाचे थेंब आणि मोहाडी रस्त्यावरचे किडे अडवण्यापुरता. त्याला काम आहे, त्यामुळे तो शोभतो. गार्ड आणि आकडे परत बसले. 7 आकड्याचा तुकडा त्यानं भिंतीला टांगला आहे. तिथं तो ताशी शून्यलाही वेगवान दिसतो. आणि आई आवाज ऐकून बाहेर आली की तिचा हात पुन्हा हेडलाइटच्या काचेवर पडतो.

मी समाधानानं म्हटलं, "पाहिलंस? वयाला शोभेल तेवढंच लावावं माणसानं."

भाच्यानं माझ्या काळ्याभोर केसांकडे बराच वेळ पाहिलं. मेंदी की डाय, हे त्याला माहीत होतं.

"मामाजी," तो म्हणाला, "याची उलटी बाजू पाहू का जी?"