‘मामझेर’ म्हणजे कोण?

हिब्रू बायबलात ‘मामझेर’ हा शब्द अवघा दोनदा येतो. ‘अनुवाद’च्या २३ व्या अध्यायात फर्मान आहे : मामझेरानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंत नाही. आता हा मामझेर कोण? ग्रंथ गप्प. शब्दाचं मूळ पंडितांना अजून पक्कं सापडलेलं नाही. ग्रीक भाषांतरकारांनी इथं ‘वेश्येचा’ केलं, तर जखऱ्या ९ मध्ये त्याच शब्दाचं ‘परके’. तालमूदातल्या रब्बींनी शब्दच फोडला : ‘मूम झार’, परका डाग. कायद्यात मग ठरलं, निषिद्ध नात्यातलं किंवा लग्नाच्या बाईला परपुरुषापासून झालेलं मूल. अर्थ धूसर, शिक्षा मात्र पक्की! मनूचा चांडाळ ज्यानं वाचलाय त्याला ही तऱ्हा ओळखीची वाटेल. आधी बहिष्कार, मग त्याला शोभेलसा जन्म.

या शब्दच्छलापेक्षा मला ‘लेवीय रब्बा’तला दानिएल शिंपी मोठा टीकाकार वाटतो. उपदेशकाच्या ४ थ्या अध्यायातले पीडितांचे अश्रू त्यानं मामझेरांचे ठरवले. आणि जुलूम करणारे कोण? धर्मशास्त्राच्या जोरावर त्यांना दूर लोटणारं खुद्द सन्हेद्रिन. बापानं केलं, लेकराचा काय गुन्हा, हा त्याचा रोकडा सवाल.

जुनं झालं म्हणता? १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी कोकणातून गेलेल्या मराठी बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी मागच्या पिढ्या तपासायला सांगितल्या. पूर्वीचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले नसतील, तर वंशात मामझेर असेल, हा संशय. लोक धरणं धरून बसले, तेव्हा १९६४ साली हुकमातून त्यांचं नाव वगळलं. शब्द तिथल्या धर्मन्यायालयांत अजून चालतो.