आंधयं दयस, कुत्रं पीठ खास

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण मराठी शिकणाऱ्याला सांगताना आपण 'गलथान कारभार' एवढा अर्थ देऊन मोकळे होतो. अर्थ बरोबर, पण गंमत सगळी गळते. त्याला धुळे, अमळनेर, पारोळ्याकडची अहिराणी ऐकवावी: 'आंधयं दयस, कुत्रं पीठ खास.' 'ळ'चा 'य' झाल्याने शब्द मऊ पडतात आणि दोन्ही क्रियापदं 'स'वर येऊन टेकतात. दळणं नि खाणं एकाच लयीत, एकाच वेळी चाललंय हे कानालाच कळतं. मध्ये 'पण' नाही, 'म्हणून' नाही. दोष कुणाचा, यावर म्हण चकार शब्द काढत नाही.

मग त्याच्या डोळ्यांपुढे घरोट आणून द्यावं लागतं. जात्याला हा खानदेशी शब्द. बहिणाबाई चौधरींचं (१८८०–१९५१) त्यावर एक गाणंच आहे. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद दळायला बसलं की एक हात खुंट्यावर, दुसरा घास घालण्यात गुंतलेला. पीठ मात्र जात्याच्या चहूबाजूंनी पडत राहतं. दळायला डोळे लागत नाहीत. जाडं की बारीक, ते बोटांना कळतं. म्हणजे आंधळ्याच्या कामात खोट नाहीच! त्याची भिस्त कानांवर, आणि घरघरीत कुत्र्याची जीभ ऐकू येत नाही. स्वतःच्याच कष्टाच्या आवाजाने त्याचे कान बंद केलेत. ही म्हण रचणारी बाई रोज पहाटे दळायला बसत असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

मांजर घरात नसलं की उंदीर नाचतात, अशी एक इंग्रजी म्हण आहे. शिकवताना तिची जोडी लावायचा मोह होतो. पण तिथे मालक गैरहजर असतो, इथे तो घाम गाळत समोरच बसलाय. दिवसभर गल्ल्यावर राबणाऱ्या भोळ्या दुकानदाराचा माल मागच्या दाराने जात असेल, तर ही म्हण चपखल. साहेबच आळशी असेल तर ती वाया घालवू नये.

शिकणाऱ्याला आणखी एक बजावावं. ही म्हण तिसऱ्याबद्दल, त्याच्या माघारी बोलायची. दुकानदाराच्या तोंडावर म्हटली तर उधारी बंद. आणि खरोखर दृष्टी नसलेल्या माणसापुढे ती गिळलेलीच बरी.