पोषणवर्धित दूध आणि पिल्लांची अस्थिवाढ : प्राणीप्रयोगांच्या अनुमानपद्धतीची चिकित्सा

प्रास्ताविक

दुधाने हाडे बळकट होतात, हे विधान जाहिरातीपासून क्रमिक पुस्तकापर्यंत इतक्या सहजपणे केले जाते की त्यामागचा पुरावा कोणत्या जातीचा आहे हे तपासण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. दुधात जीवनसत्त्वे वा क्षार मिसळून ते पोषणवर्धित, म्हणजे रूढ शब्दात 'फोर्टिफाइड', केले की हाडांची वाढ अधिकच चांगली होईल, हे याच विधानाचे पुढचे पाऊल होय. त्याच्या समर्थनार्थ वाढत्या वयाच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा दाखला वारंवार दिला जातो. प्रस्तुत लेखात या प्रयोगांतील तुलनेची रीत व त्यांतून काढली जाणारी अनुमाने यांची चिकित्सा करावयाची आहे. लेखकाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, कमतरता भरून काढणे आणि पुरेशा आहारात भर घालणे या दोन भिन्न क्रिया असून पहिलीचे यश दुसरीच्या नावावर जमा करण्याची सवय या संशोधनक्षेत्राला लागली आहे.

प्रयोगपरंपरा

ही सवय समजून घेण्यासाठी मुळाकडे जावे लागते. फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांनी 1912 मध्ये कृत्रिम आहारावर वाढ खुंटलेल्या लहान उंदरांना रोज अगदी थोडे दूध दिले आणि त्यांची वाढ पूर्ववत झाली. हा प्रयोग पोषणशास्त्रात अजरामर ठरला. परंतु त्यात मोजले गेले ते शरीराचे वजन, हाड नव्हे. हाडांचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो एडवर्ड मेलनबी यांनी. 1918-19 च्या सुमारास त्यांनी कुत्र्याच्या पिल्लांना मर्यादित आहारावर घरात ठेवून मुडदूस निर्माण केला आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो टाळता येतो हे दाखविले. मात्र पिल्ले उन्हापासून वंचित होती, या गोष्टीचे महत्त्व त्या वेळी पुरते उमगले नव्हते. आणि तेलातील गुणकारी घटक 'अ' जीवनसत्त्व असावा, असा मेलनबी यांचा कयास होता. एल्मर मॅककॉलम यांनी 1922 मध्ये तेल तापवून व त्यातून हवा सोडून त्यातील 'अ' जीवनसत्त्व नष्ट केले, तरी मुडदूस बरा करण्याचा त्याचा गुण टिकून राहतो हे सिद्ध केले आणि 'ड' जीवनसत्त्वाला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे 1924 मध्ये हॅरी स्टीनबॉक यांनी अन्नपदार्थांवर अतिनील किरण सोडून त्यांना मुडदूसविरोधी गुण देण्याची रीत शोधली. 1930 च्या दशकापासून अमेरिकेत दुधात 'ड' जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले, त्याची पार्श्वभूमी ही होती.

ही परंपरा थोर आहे यात शंका नाही. तथापि तिच्यातील प्रत्येक प्रयोगात प्राण्याला आधी उपासमारीच्या वा अंधाराच्या काठावर नेले गेले होते. त्यामुळे तिने दिलेले उत्तर 'अभाव दूर केल्यास काय होते' या प्रश्नाचे आहे.

तुलना कोणाशी?

आधुनिक प्रयोगांची सर्वसाधारण मांडणी अशी असते : 21 दिवसांनी आईपासून तोडलेली उंदराची पिल्ले घ्यावयाची, एका गटाला साधा आहार, दुसऱ्याला पोषणवर्धित दुधाची भुकटी मिसळलेला आहार द्यावयाचा, सहा ते बारा आठवड्यांनी प्राणी मारून मांडीचे हाड काढावयाचे, त्याची लांबी, राख व घनता मोजावयाची, आणि हाड दोन आधारांवर ठेवून मधोमध दाब दिल्यास ते किती भाराला मोडते हे पाहावयाचे. ही मोजमापे उत्तम आहेत. दोष त्यांच्या आधीच्या पायरीत आहे.

'साधा आहार' म्हणजे नेमके काय, या एका प्रश्नावर संपूर्ण निष्कर्ष अवलंबून असतो. वाढत्या उंदरांसाठी 1993 मध्ये ठरविलेल्या एआयएन-93जी या प्रमाणित आहारात किलोमागे 5 ग्रॅम कॅल्शियम आणि 1000 आंतरराष्ट्रीय एकके 'ड' जीवनसत्त्व असते. हा आहार पुरेसा मानला जातो. तुलनेच्या गटाला यापेक्षा बरेच कमी कॅल्शियम दिले, तर पोषणवर्धित गट जिंकणारच. तो विजय दुधाचा की कॅल्शियमच्या कोणत्याही स्वस्त क्षाराचा, हे सांगता येत नाही. याउलट, प्रमाणित आहार दिला तर दुसरी गंमत घडते. त्या आहारातील प्रथिने किलोमागे 200 ग्रॅम केसिनच्या रूपात असतात, आणि केसिन हे दुधातलेच प्रथिन. म्हणजे 'दूधविरहित' म्हणून उभा केलेला गटही दुधाच्या प्रथिनांवरच वाढत असतो! या विरोधाभासाची दखल शोधनिबंधांच्या चर्चाविभागात क्वचितच घेतलेली आढळते.

तिसरी अडचण खाण्याच्या प्रमाणाची. दुधाची भुकटी मिसळलेला आहार पिल्ले आवडीने व अधिक खाऊ शकतात. त्यांचे वजन वाढते आणि वाढत्या वजनाचा भार पेलण्यासाठी हाडही वाढते. म्हणून दोन्ही गटांना तोलून सारखे खाद्य देणे आणि निष्कर्ष शरीरभाराच्या प्रमाणात मांडणे अनिवार्य ठरते. शिवाय एकाच आईची पिल्ले वा एकाच पिंजऱ्यातील प्राणी ही परस्परांपासून स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. त्यांना स्वतंत्र धरून केलेली सांख्यिकी चाचणी फरक आहे त्याहून ठळक दाखविते.

उंदीर आणि मूल

उंदीर हा या संशोधनाचा आवडता प्राणी असला, तरी मुडदुसाच्या बाबतीत तो फार सहकार्य करीत नाही. आहारात कॅल्शियम व फॉस्फरस योग्य प्रमाणात असल्यास केवळ 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने त्याला सहजी मुडदूस होत नाही. त्यासाठी कॅल्शियम भरपूर व फॉस्फरस अत्यल्प असा विषम आहार द्यावा लागतो. उंदराच्या हाडांच्या टोकाजवळील वृद्धिपट्टी वयात आल्यावर माणसाप्रमाणे सांधून बंद होत नाही. त्याच्या आतड्यात धान्यातील फायटेटचे विघटन करणारे विकर माणसाच्या तुलनेत बरेच अधिक असते. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढणाऱ्या मुलाच्या आतड्यात फायटेट कॅल्शियमला अडवून धरते. उंदराच्या आतड्यात हा अडथळा बराचसा सैल असतो. तेव्हा उंदरावरून काढलेले शोषणाचे आकडे मराठवाड्यातील शाळकरी मुलाला लागू करणे धाडसाचे आहे.

वरची मर्यादा

या वाङ्मयातील सर्वांत गंभीर उणीव लेखकाच्या मते वेगळीच आहे. पोषक द्रव्य आणि अस्थिवाढ यांचा संबंध चढणीसारखा सरळ वर जाणारा नसून तो टेकडीसारखा आहे, आणि बहुतेक प्रयोग टेकडीच्या अलीकडच्या उताराशीच थांबतात. पलीकडच्या उताराची साक्ष पशुवैद्यकाने फार पूर्वी दिली आहे. हेडहॅमर व सहकाऱ्यांनी 1974 मध्ये ग्रेट डेन जातीच्या पिल्लांना मनसोक्त पोषक आहार दिला असता त्यांच्या सांगाड्यात विकृती निर्माण झाल्या. हेझविंकेल यांच्या नेदरलँड्समधील अभ्यासात (1985) याच जातीच्या पिल्लांना शिफारशीच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम दिले गेले. कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रियाच त्यामुळे विस्कळीत झाली. कोवळ्या वयातील पिल्लू जास्तीचे कॅल्शियम आतड्यातच नाकारू शकत नाही, हे त्यामागचे एक कारण. जपानमध्ये वासरांना 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिमोठ्या मात्रा दिल्याने वृद्धिपट्ट्या अकाली बंद होऊन मागचे पाय आखूड राहिल्याचे आढळले. तरसासारख्या उतरत्या पाठीमुळे त्या विकाराला 'हायना' हेच नाव पडले.

दुधात मिसळल्या जाणाऱ्या मात्रा याच्या कितीतरी खाली असतात, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. या उदाहरणांवरून पोषणवर्धित दुधाची भीती घालणे अशास्त्रीय ठरेल. मात्र दोनच गटांच्या प्रयोगातून 'जितके अधिक तितके चांगले' असे सुचविणेही तितकेच अशास्त्रीय आहे. किमान चार मात्रा, आणि त्यांपैकी एक निश्चितपणे गरजेहून जास्त, अशी मांडणी असल्याखेरीज त्या प्रयोगाला मात्रेविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

प्रयोगातील मात्रा आणि पेल्यातील मात्रा

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या विनियमांनुसार पोषणवर्धित दुधात लिटरमागे 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम 'ड' आणि 270 ते 450 मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व मिसळावयाचे असते. त्यात कॅल्शियमची भर समाविष्ट नाही, हे अनेक प्राध्यापकांनाही ठाऊक नसते. 200 मिलिलिटरच्या पेल्यातून मुलाला 'ड' जीवनसत्त्व मिळते ते 1 ते 1.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 40 ते 60 एकके. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020 ची शिफारस 600 एककांची आहे. दिल्लीतील शाळकरी मुलांवरील 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजच्या 200 मिलिलिटर दुधात 600 अथवा 1000 एकके मिसळली होती आणि बारा आठवड्यांत रक्तातील पातळी चांगली वाढली. परंतु ही मात्रा बाजारातील पेल्याच्या दहा ते पंचवीस पट होते, आणि मोजले गेले ते रक्त होते, हाड नव्हे. अशा अभ्यासाचा दाखला देऊन पिशवीतील दुधाने हाडे वाढतात असे म्हणणे म्हणजे एका औषधाची चाचणी घेऊन दुसऱ्याची चिठ्ठी लिहिण्यासारखे आहे.

तुलना नेटकी कशी करावी याचे उदाहरण पुण्यात सापडते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक चाचणीत वंचित कुटुंबांतील लहान बालकांच्या दोन्ही गटांना लाडू दिले गेले, दोन्हींना 'ड' जीवनसत्त्व दिले गेले, आणि फरक ठेवला तो लाडवातील कॅल्शियमचा. जास्त कॅल्शियम मिळालेल्या बालकांत अस्थिखनिजभाराची वाढ अधिक दिसली. अभ्यास लहान होता. पण तो काय मोजतो आहे याविषयी वाचकाच्या मनात संदिग्धता राहत नाही.

परिणाम टिकतो काय?

बीजिंगमधील दहा वर्षांच्या मुलींना दोन वर्षे कॅल्शियमवर्धित दूध दिल्यावर त्यांची उंची व अस्थिखनिजे तुलना गटापेक्षा अधिक वाढली (2004). दूध बंद केल्यानंतर तीन वर्षांनी पाहिले असता अस्थिखनिजांतील हा लाभ बव्हंशी उरला नव्हता (2006). विन्झेनबर्ग व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये मुलांवरील 19 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. पूरक कॅल्शियमचा मणक्यावर वा मांडीच्या हाडाच्या मानेवर परिणाम आढळला नाही, जो आढळला तो अल्प होता.

पिल्लांवरील प्रयोगांत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण शेवटच्या दिवशी बहुधा सर्वच प्राणी मारले जातात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक प्रस्तावात प्राण्यांच्या संख्येचे समर्थन द्यावे लागते. मेलनबींना 1919 मध्ये जे कळले होते तेच पुन्हा दाखविण्यासाठी साठ उंदीर मागितले जात असतील, तर महाविद्यालयीन समित्यांनी ते समर्थन अधिक काटेकोरपणे वाचले पाहिजे. प्रयोगाच्या अखेरीस निम्मी पिल्ले साध्या आहारावर परत आणून आणखी आठ-दहा आठवडे ठेवली आणि मग त्यांची हाडे मोजली, तर प्राण्यांची संख्या न वाढविताही बीजिंगच्या मुलींनी उपस्थित केलेल्या प्रश्नाची तपासणी उंदरात करता येईल.