राजाला उन्हात आणा

राजघराण्यातला मुलगा साध्या घरातल्या मुलीच्या प्रेमात पडतो. नाहीतर राजकन्या पहारेकऱ्यांची नजर चुकवून बाजारात उतरते. मग दोघांपैकी एकाला परक्या जगात कसं बसावं, कसं जेवावं, कुणाला काय म्हणून हाक मारावी हेच कळेनासं होतं. त्या फजितीतून हसू फुटतं आणि हसता हसता जीव जडतो. जगभरच्या सिनेमाने हा साचा पुन्हा पुन्हा वापरला, प्रेक्षकांनीही तो आपला मानला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र या प्रकाराची तब्येत खालावली आहे. असे चित्रपट आजही भरपूर निघतात, पण त्यांतला राजा कशातच अडखळत नाही. फजिती व्हायची ती सगळी साध्या माणसाची होते.

या प्रकारच्या विनोदाचं मर्म माझ्या मते एकच आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याची फजिती व्हायला हवी. त्याला शिकावं लागलं, हाताने काम करावं लागलं, कुणाची तरी परवानगी मागावी लागली, तर प्रेमकथा खरी वाटते. गरिबाघरची पोर महालात काटा-चमचा चुकीचा धरते, एवढ्यावर हशा मिळवणारा चित्रपट प्रेक्षकालाच त्याची पायरी दाखवत असतो.

मराठी माणसाला हे नव्याने सांगायची गरज नाही. आपल्या रंगभूमीचा पायाच राजघराण्यातल्या खेळकर प्रेमकथांवर उभा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालचं. त्यात अर्जुनासारखा वीर सुभद्रेसाठी यतीचं सोंग घेतो आणि त्या सोंगापायी अवघडून जातो. धनुष्य चालवणाऱ्याला वैराग्याचा आव आणावा लागतो, आणि नाटकाची गंमत तिथेच आहे. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ने एक पाऊल पुढे टाकलं. धैर्यधर गरिबीतून वर आलेला सेनापती आहे म्हणून श्रीमंत भामिनी त्याला नाकारते. मग तीच वनमाला होऊन साध्या वेषात त्याच्या छावणीत जाते आणि माणसाची किंमत तिला तिथे कळते. परक्या ठिकाणी जाण्याची शिक्षा इथे श्रीमंतीला आहे. सुबोध भावे यांनी २०२५ साली या नाटकावर चित्रपट केला, तेव्हा शंभर वर्षांहून जुनी ही कल्पना अजून ताजी आहे हे पुन्हा दिसलं.

तमाशाच्या वगाने तर राजाला पुरतं चौकात आणून बसवलं. नेपथ्य जवळजवळ नाही. एक फेटा, एक शेला आणि बोलण्याचा थाट, एवढ्यावर राजा उभा राहतो, आणि प्रधान त्याच्याशी गावच्या बोलीत हुज्जत घालतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने हा ढंग १९६५ नंतर शहरी प्रेक्षकांच्याही गळी उतरवला आणि दादा कोंडके घराघरांत पोचले. पण या साऱ्यात ‘गाढवाचं लग्न’ मला अव्वल वाटतं. हरिभाऊ वडगावकरांचा हा वग दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार रंगवून अजरामर केला. २००७ च्या चित्रपटात ती भूमिका मकरंद अनासपुरेंनी केली.

त्यातला एकच प्रसंग जवळून पाहू. शापामुळे गाढव झालेला गंधर्व कुंभाराच्या घरी येतो, माणसासारखा बोलतो आणि राजकन्येचा हात मागतो. ही मागणी दरबारात घालायची कुणी? सावळ्याने. दिवसभर माती तुडवणारा माणूस सिंहासनासमोर उभा राहतो. दरबारी भाषा त्याला येत नाही, म्हणून तो चाकावर बसल्यासारखाच बोलतो. प्रेक्षक हसतो, पण सावळ्याच्या अडाणीपणाला नाही. एका साध्या मागणीपुढे राजा आणि प्रधान कसे गोंधळले, याला तो हसतो. कुंभार आपल्या जागी घट्ट आहे आणि डगमगतंय ते सिंहासन. या प्रकारचा आजचा कुठलाही चित्रपट मी याच प्रसंगाशी ताडून पाहतो, आणि बहुतेक तिथे कमी पडतात.

जगातला या जातीचा सर्वांत देखणा चित्रपट म्हणजे विल्यम वायलर यांचा १९५३ चा ‘रोमन हॉलिडे’. त्यातली राजकन्या अ‍ॅन कार्यक्रमांच्या यादीला कंटाळून रोममध्ये निसटते, केस कापून घेते, रस्त्यावर आईस्क्रीम खाते, स्कूटर हाकते. ऑड्री हेपबर्न यांना या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण चित्रपट मोठा होतो तो शेवटच्या पत्रकार परिषदेत. तिथे ती पुन्हा राजकन्या असते. पत्रकारांच्या रांगेपुढून एकेकाशी हात मिळवत जाते आणि ज्याच्यावर जीव जडला त्याच्याशीही इतरांइतकंच बोलते. सगळ्यांत आवडलेलं शहर कोणतं, या प्रश्नाला ती आधी ठरलेलं गुळगुळीत उत्तर द्यायला लागते, मग थांबते आणि रोमचं नाव घेते. एका दिवसाने तिला स्वतःचं मत दिलं, एवढीच तिची कमाई. लग्न होत नाही, तरी प्रेक्षकाला रितं वाटत नाही, कारण राजकन्या खरोखर बदललेली असते.

१९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’मध्ये एडी मर्फी यांचा झामुंडाचा राजपुत्र न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात येतो आणि खानावळीत फरशी पुसतो. ज्याच्या वाटेवर फुलं उधळली जात, त्याच्या हाती पोछा येतो, आणि तो काम मन लावून करतो म्हणून मुलीच्या मनात भरतो. ‘द प्रिन्सेस डायरीज’ (२००१) मात्र उलट दिशेने गेला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळकरी मुलीला आपण राजकन्या असल्याचं कळतं, मग तिचे केस सरळ होतात, चष्मा जातो, चाल बदलते. चित्रपट गोड आहे, अ‍ॅन हॅथवे आणि ज्युली अँड्र्यूज यांचं कामही छान आहे. पण बदलायचं फक्त मुलीने, ही वाट तिथून रुळली.

हिंदीत सुरुवात दमदार होती, तरी तिच्यात एक खोट होती. मेहबूब खान यांच्या ‘आन’मध्ये (१९५२) दिलीपकुमारचा गावरान जय नादिराच्या गर्विष्ठ राजकन्येला गावात आणतो आणि तिला कष्टाचं जिणं जगायला लावतो. राजकन्या उन्हात येते हे खरं, पण तिला तिथे ओढून आणलेलं असतं. बाईचा गर्व मोडण्यात मिळणारं समाधान आज टोचतं आणि टोचायलाच हवं. १९६४ च्या ‘राजकुमार’मध्ये परदेशातून परतलेला शम्मी कपूरचा राजपुत्र वनवासी टोळीच्या सरदाराच्या मुलीवर, म्हणजे साधनावर, भाळतो. जंगल आलं, टोळी आली. पण त्या जंगलाला ना गाव होतं ना बोली. पिसं, ढोल आणि नाच यांच्यापुढे कॅमेरा गेलाच नाही. ज्यांच्या घरी खरोखर गोंडी बोलली जाते, त्यांना हे चित्र कायम परकं वाटत आलं आहे.

१९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे गेले. खरं तर इथे विनोदी प्रेमकथेला मोठं दार उघडलं होतं. किताब गेला, उत्पन्न गेलं, सवयी तेवढ्या उरल्या, आणि अशा माणसाला रोजच्या जगण्यात पाऊल टाकायचं होतं. हिंदी सिनेमाने ते दार बहुतेक बंदच ठेवलं आणि राजवाडा पाहुण्यांना दाखवायची वास्तू केला. २०१४ चा ‘खूबसूरत’ याचा नमुना आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९८० च्या मूळ चित्रपटात मध्यमवर्गीय घर होतं. दीना पाठक यांची करडी आई घराची शिस्त राखत होती आणि त्या शिस्तीमागे संसार चालवण्याची धडपड होती. नव्या चित्रपटात घराचा राजस्थानी महाल झाला आणि आईच्या जागी दीनाबाईंच्याच कन्या रत्ना पाठक शाह राणी म्हणून आल्या. अभिनयात काही कमी नाही. पण महालात नियम मोडला तरी कुणाचं काही जात नाही, कारण राबणारी माणसं चौकटीच्या कडेला उभी असतात. सूरज बडजात्यांच्या ‘प्रेम रतन धन पायो’मध्ये (२०१५) रामलीलेतला नट राजपुत्राच्या जागी बसतो. कल्पना नामी होती. मात्र तो दुरावलेल्या बहिणींची मनं जुळवतो आणि राज्य, रयत, तिथली माणसं कुठेच दिसत नाहीत.

नंतर घरबसल्या पाहायच्या मालिका-चित्रपटांचं पीक आलं. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ (२०१७), ‘द प्रिन्सेस स्विच’ (२०१८) यांतले देश नकाशावर नाहीत. अशा देशात राजाला भाषा, इतिहास, कर, शेतकरी यांतलं काहीच सांभाळावं लागत नाही. २०२५ ची आपल्याकडची ‘द रॉयल्स’ तर महालाचं अतिथीगृह करण्याच्या धंद्यावरच बेतली आहे. आजच्या राजघराण्यांचं हे वास्तव आहे, म्हणून विषय चुकीचा नाही. पण कथाही पाहुण्याच्याच नजरेने महाल पाहत राहिली, तर मालक आणि नोकर यांच्यातलं अंतर कधी मोजलंच जात नाही.

आमचा चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका तेलंगणाच्या सीमेला लागून आहे, त्यामुळे इथल्या माणसाला तेलुगू सिनेमा परका नाही. त्या सिनेमाने ही जात आपल्यापेक्षा जास्त प्रेमाने जपली. के. व्ही. रेड्डींच्या ‘पाताळभैरवी’मध्ये (१९५१) माळ्याच्या मुलाला, एन. टी. रामारावांच्या रामुडूला, राजकन्या हवी असते. राजा आधी ऐश्वर्य कमावून आण म्हणतो आणि पोरगा मांत्रिकाच्या मागे निघतो. कथा अद्भुत आहे, पण माळ्याच्या पोराचा धीटपणा आणि त्याच्या आईचा जीव टांगणीला लागणं जमिनीवरचं आहे. १९९० च्या ‘जगदेक वीरुडु अतिलोक सुंदरी’मध्ये श्रीदेवींची इंद्रकन्या अंगठी हरवून पृथ्वीवर अडकते. स्वर्गातल्या मुलीला गल्लीतल्या पोरांत राहावं लागतं. तिचं ते निरागस बावचळणं हा श्रीदेवींच्या विनोदी अभिनयाचा कळस आहे. दोन्ही चित्रपटांत खालच्या माणसाला स्वतःचं घर आहे, नातीगोती आहेत. मुंबईच्या चित्रपटांनी हेच गाळलं.

आता आपल्याकडच्या मातीत काय आहे ते बघू. चंद्रपूर ही गोंड राजांची राजधानी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी हिराईने पती बिरशहाची समाधी बांधली आणि दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने कारभार हाकला. विधवा राणीने राज्य सांभाळलं, हे या भागातल्या लेकीसुनांना सांगावं लागत नाही. वर्धा नदीच्या अलीकडे राजुरा-कोरपन्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. अहेरीच्या राजघराण्यातले राजे विश्वेश्वरराव आत्राम १९७७ साली मतं मागून चंद्रपुरातून लोकसभेत गेले. राजाने रयतेच्या दारात जाऊन हात जोडायचे, यापेक्षा या प्रकाराला साजेशी सुरुवात दुसरी कोणती? माणिकगडाचा किल्ला डोंगरावर आहे आणि खाली गडचांदूरच्या सिमेंट कारखान्याने त्याचंच नाव घेतलं.

शिवाय इथे मुकुट साध्या माणसाच्या डोक्यावर चढतो. दिवाळीच्या दिवसांत गोंड गावांत दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. मोरपिसांचा मोठा टोप घालून, अंगाला राख फासून गुसाडी नाचतात. एरवी शेतात राबणारा माणूस त्या दिवसांत देवाच्या मानाचा होतो, आणि तोच लोकांना हसवतोही. दंडारी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जाते, तिथे सोयरिकी जुळतात. तेलंगणातल्या मार्लवाईच्या कनक राजूंना याच कलेसाठी पद्मश्री मिळाली. मान, थट्टा आणि लग्न ही तिन्ही एका सणात गुंफलेली आहेत. पटकथाकाराने हे नुसतं मन लावून पाहिलं तरी पुष्कळ हाती लागेल.

असा चित्रपट कसा असावा? परदेशात शिकलेला राजघराण्यातला मुलगा कोरपन्याजवळच्या गावात येतो असं धरू. इथे मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जातात. त्याला मुलगी आवडते ती कापसाच्या वेचणीला जाणारी. तिच्याशी बोलायचं तर पहाटे शेतात जायला हवं. बोंडाच्या टोकांनी त्याची बोटं सोलतात, संध्याकाळी काट्यावर त्याचा वेचा सगळ्यांत हलका भरतो आणि बायका त्याच्यादेखत हसतात. तिच्या बापाला विचारायचं तर कोलामीत दोन वाक्यं पाठ करावी लागतात आणि ती तो चुकीची म्हणतो. इथे कुणीही अडाणी नाही, नवखा फक्त राजपुत्र आहे. आणि मुलीला नकार देण्याची पुरेपूर मुभा हवी, नाहीतर ‘आन’चीच चूक उलट्या अंगाने होईल.

हे पडद्यावर आणायला नटांची वाण नाही. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो, वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात, आणि विनोदी पात्राची एन्ट्री झाली की मांडव उसळतो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती अशाच रंगभूमीवरच्या आयुष्यभराच्या कामासाठी. हंशा कुठे थांबवायचा आणि डोळ्यांत पाणी कुठे आणायचं, हे या नटांना प्रेक्षकांनीच शिकवलं आहे. ‘नटरंग’मधला गुणा राजाची भूमिका करायची म्हणून झुरला आणि त्याला नाच्या व्हावं लागलं. झाडीपट्टीत असे कितीतरी गुणा आहेत, आणि राजा कसा वठवायचा हे त्यांना महालात वाढलेल्या नटांपेक्षा चांगलं समजतं.

राजवाड्यातल्या प्रेमकथेला प्रेक्षक विटलेला नाही. नवी फजिती दिसत नाही म्हणून तो कंटाळला आहे. मराठी निर्मात्यांनी महाल भाड्याने घेण्याआधी एक हंगाम वडशाला काढावा, एक दिवाळी दंडारीत घालवावी आणि मग पटकथा लिहावी. सावळ्या कुंभाराने राजाला कोड्यात टाकलं ते दरबारात उभं राहून. आता राजाची पाळी आहे. त्याने गावात यावं, काम शिकावं आणि मग हात मागावा.