‘गेव्ह अवे’ची धार

ऑफिसात इंग्रजी रिपोर्ट लिहायची वेळ आली की आपली मंडळी लेव्हरेज, सिनर्जी, ऑप्टिमाइझ असे जडजंबाल शब्द घोकू लागतात. त्यापेक्षा गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी बर्कशायर हॅथवेच्या भागधारकांना लिहिलेली वार्षिक पत्रं वाचावीत. १९७७ पासूनची सगळी पत्रं कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

२००७ सालच्या पत्रातला डेक्स्टर शू कंपनीचा परिच्छेद घ्या. ही बूट बनवणारी कंपनी बर्कशायरने १९९३ मध्ये विकत घेतली, तीही रोख न मोजता स्वतःचे शेअर देऊन. काही वर्षांतच तिचा धंदा बसला. एरवीचा अहवाल इथे ‘इम्पेअरमेंट वॉज रेकग्नाइज्ड’ म्हणून मोकळा होतो. सौदा कोणी केला, ते गुलदस्त्यात. बफे मात्र ‘आय’ हाच कर्ता ठेवतात आणि क्रियापद वापरतात ‘गेव्ह अवे’. हिशेबाच्या भाषेत शेअर ‘इश्यू’ होतात. तो शब्द चुकीचा नव्हता, पण बेचव होता. ‘गेव्ह अवे’मध्ये व्यवहारही आला आणि त्याच्यावरचा निकालही: उत्तम धंद्यातला १.६ टक्के हिस्सा कवडीमोल धंद्यापायी घालवला.

त्याच परिच्छेदात चुकीला जोडून ‘कंपाउंडेड’ येतं (अर्थ दोन: चूक आणखी वाढवली आणि चक्रवाढीने वाढवली), आणि तिथे मी दर वेळी थबकतो. चक्रवाढीवर ज्याने साम्राज्य उभारलं, तोच माणूस ते क्रियापद स्वतःच्या चुकीला लावतो! दिलेल्या शेअरांचा भाव चढत गेला, म्हणून खड्डाही ४० कोटी डॉलरवरून ३५० कोटींवर गेला. म्हणजे ही शाब्दिक कोटी शोभेची नाही, आकड्यांनी सिद्ध होणारी आहे.

पारिभाषिक शब्द ते टाळतात असंही नाही. ‘ड्युरेबल कॉम्पिटिटिव्ह अॅडव्हांटेज’ इथे आहेच. पण पाठोपाठ ‘व्हॅनिश्ड’ येऊन त्याचा फुगा फोडतं. आपल्या दोघी बहिणींशी बोलतोय अशा कल्पनेने आपण लिहितो, असं त्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या सेक्युरिटीज आयोगाच्या सोप्या इंग्रजीवरील पुस्तिकेत सांगितलं होतं. चुका कबूल करण्याची तर त्यांनी २०२४ सालच्या पत्रात मोजदादच दिली: २०१९ ते २३ या काळातल्या पत्रांत ‘मिस्टेक’ किंवा ‘एरर’ १६ वेळा, अनेक बड्या कंपन्यांनी हे शब्द एकदाही वापरले नाहीत.

अर्थात मालकाला ‘आय’ परवडतो, नोकरदाराला नाही. मग विभागाचं नाव घाला, पण कर्ता घाला. आणि पुढचा रिपोर्ट लिहायला बसण्याआधी डेक्स्टरचा परिच्छेद एकदा मोठ्याने वाचा.