गाणं गेलं, अहवाल उरला

पिंपळगाव बसवंतच्या मार्केटात टमाट्याचे क्रेट मोजतात. कांद्याचं वजन पावतीवर येतं. गाण्याची पावती कोण फाडतो?

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात जुने वार्षिकांक चाळले. संगीत रजनीचा फोटो आहे, पाहुण्यांची नावं आहेत, हारतुरे आहेत. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मात्र एकच ओळ : जयंती उत्साहात साजरी. गायक कोण, ढोलकी कुणाची, कितीपर्यंत चाललं? काही नाही. हा विसर म्हणून सोडून देता येत नाही. पानं होती, शाई होती. काय छापायचं ते कुणीतरी ठरवलंच ना!

पण मित्रहो, आपणही धुतल्या तांदळाचे नाही. वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म 1922 चा. मोठेपणी मुंबईत अक्षरं गिरवली, 1943 पासून गाणी रचली. 'वाटचाल' 1973 ला छापून आलं. 2004 ला दादा गेले. आपण त्यांना महाकवी म्हणतो आणि मोकळे होतो. शब्द राहिले, पण कागदावरचं गाणं अर्धंच असतं. दोन कडव्यांमधलं बोलणं, कोरसची उचल, चिठ्ठीवरची फर्माईश, मागच्या रांगेतली रडणारी म्हातारी, हे कुठल्या संग्रहात सापडायचं?

भीमराव कर्डकांनी जलसे केले आणि 1978 ला आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलं. करणाऱ्यानंच लिहिलं, म्हणून टिकलं. विलास घोगरे 1997 ला गेले. त्यांचा आवाज आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' मध्ये 1985 लाच नोंदला गेला होता. कॅमेरा वेळेत वस्तीत पोचला होता, एवढंच. आपण कायम माणूस गेल्यावर पोचतो.

तेव्हा पोरांनो, एक वही घाला. तारीख, जागा, गायक, पेटीवाला, ढोलकीवाला. कोणतं गाणं दोनदा घ्यावं लागलं. वर्गणी किती जमली, मांडव कुणी घातला, जेवण कुणाच्या घरी. कॉलेजनं पटांगण दिलं की नाकारलं, तेही लिहा. नकार हासुद्धा इतिहासच हाय. म्हाताऱ्यांच्या ट्रंकेतल्या कॅसेटी बुरशी धरायच्या आत उतरवून घ्या. मोबाईलमधल्या रेकॉर्डिंगवर भिस्त ठेवू नका. मोबाईल बिघडला की रात्र गेली.

आणि वार्षिकांकाच्या संपादक मंडळात घुसा. ती एक ओळ आपल्याच हातानं खोडायची आहे.

जयभीम.