शंका कोणाची?

मोठ्या पदावर पोचलेली स्त्री मनातून स्वतःला तोतया समजते. मिळालेले यश आपले नव्हे, केव्हातरी आपले पितळ उघडे पडेल, या धास्तीत ती वावरते, असे पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली मांडले. त्यांनी अभ्यासलेल्या दीडशेहून अधिक स्त्रिया बहुतांशी गोऱ्या आणि मध्यम-उच्च वर्गातल्या होत्या. पुढे या अनुभवाला 'इम्पोस्टर सिंड्रोम' असे आजाराचे नाव चिकटले. आज आपल्याकडे नोकरदार स्त्रियांसाठी आत्मविश्वासाची शिबिरे भरतात तीही याच निदानावर. मला या निदानाचीच शंका येते, आणि त्याला कारण आहे कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१).

संस्कृतची एम. ए. झालेली नागपूरची ही महार मुलगी नोकरीसाठी वणवण करते. स्वतःच्या विद्येविषयी तिला संशय नाही. संशय आहे तो मुलाखतीच्या टेबलापलीकडे. ज्यांच्या कानांवर वेद पडणेही निषिद्ध होते, त्यांच्यातल्या एकीने ती भाषा शिकवावी, हेच त्या मंडळींना तोतयेगिरीसारखे वाटते. पुढे आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवरची पावडे होते आणि मग शासकीय महाविद्यालयाचे दार उघडते. बाई तीच, पदवी तीच. या नेमणुकीचे श्रेय आपल्या नव्या आडनावाचे, जुन्या आडनावाची कुमुद वंचितच राहिली, हे पावडे स्वतःच सांगतात. मानसशास्त्राच्या पुस्तकात हे लक्षण म्हणून सापडेल: यशाचे श्रेय स्वतःकडे न घेता बाहेरच्या कारणाला देणे! परंतु येथे बाहेरचे कारण खरोखरच आहे. पावडे यांचा हा न्यूनगंड नव्हे, व्यवस्थेचा बिनचूक हिशेब आहे.

या लेखातली मला सर्वांत बोचणारी जागा अपमानाची नाही, कौतुकाची आहे. लोक तिच्या संस्कृतचे तोंडभरून कौतुक करतात आणि ती संकोचते. कारण त्या कौतुकात 'अरे, ही सुद्धा!' असे आश्चर्य दडलेले असते. ब्राह्मण प्राध्यापिकेला संस्कृत येते म्हणून कोणी थक्क होत नाही. (आमच्या शिक्षकांच्या खोलीत 'तुम्ही तसल्या वाटत नाही' हे आजही स्तुती म्हणून बोलले जाते.) मात्र एक गोष्ट पावडे पुरेशी उलगडत नाहीत. जात झाकणारे ते आडनाव नवऱ्याचे होते. याच पदवीचा बेकार दलित तरुण लग्न करून कुणबी आडनावाचा झाला नसता. स्त्रीचे नाव पुसले जाण्याची रूढीच येथे तिच्या कामी आली. जात आणि पुरुषसत्ता यांची ही विचित्र गाठ लेखिकेने सोडवायला हवी होती.

मग आत्मविश्वास येतो कोठून? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) सिद्ध केले, त्यात याचे उत्तर मिळते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार स्त्रियांच्या सवलती, कायदेमंडळात प्रतिनिधित्व असे ठराव तेथे झाले. या बायकांना स्वतःवर विश्वास ठेवायला कोणी वेगळे शिकवले नव्हते. मागणी करता करता तो आला. आणि मागणी एकटीची नव्हती.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. राखीव जागेवरच्या दलित सरपंच बाईला शिबिरात नजरेला नजर भिडवून बोलायला शिकवतात. ते वाईट नाही, पण पंचायतीचे दप्तरच तिच्यापुढे येत नसेल तर ती नजर कशावरून फिरवणार? संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनींनी या बायकांच्या मुलाखती अवश्य घ्याव्यात. फक्त 'तुम्हाला भीती वाटते का' हा प्रश्न मागे ठेवावा आणि आधी विचारावे, सभेची नोटीस कोण काढते, सही कोणत्या कागदावर घेतात, आणि शिक्का कोणाच्या खिशात असतो.